तिसऱ्यांदा दिवस गेले तर? कोकणातल्या बायकांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी आधी रत्नागिरी आणि मग सिंधुदुर्ग जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. नर्सबाई म्हणून वाड्यावाड्यांत फिरले. आता निवृत्त आहे, पण फोन थांबलेले नाहीत. बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "बाई, एक विचारायचं होतं, पण कोणाला सांगू नका." तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. ज्या बायकांचे अनुभव इथे आले आहेत, त्यांची ओळख पटेल असं काहीही ठेवलेलं नाही.

गर्भपात करणं गुन्हा आहे ना? आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर तसं लिहिलंय.

भिंतीवरचं पुन्हा नीट वाचा. तिथे लिहिलेलं असतं, "गर्भलिंग निदान करणे कायद्याने गुन्हा आहे." मुलगा की मुलगी हे बघणं गुन्हा आहे. गर्भपाताला मात्र १९७१ पासून आपल्याकडे कायदा आहे आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. त्याच्या अटी पाळून, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून, मान्यताप्राप्त ठिकाणी केलेला गर्भपात कायदेशीर असतो. सरकारी रुग्णालयात तो मोफत होतो.

'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द इतकी वर्षं भाषणांत आणि प्रभातफेऱ्यांत वापरला गेला की बायकांच्या डोक्यात गर्भपात म्हणजे हत्या हेच पक्कं बसलं. हेतू चांगला होता, पण त्याची किंमत ज्यांनी काहीही चूक केली नव्हती अशा बायकांनी मोजली. घाबरून त्या सरकारी दवाखाना टाळतात आणि भलतीकडे जातात. म्हणून मी 'गर्भलिंगनिवड' असं म्हणते. तुम्हीही तोच शब्द वापरा.

दोन मुलांची अट नक्की कोणाला लागू आहे?

सगळ्यांना नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची निवडणूक लढवणाऱ्यांना ती आहे. सप्टेंबर २००१ मधल्या ठरलेल्या तारखेनंतर तिसरं किंवा त्यापुढचं मूल झालं असेल, तर तो माणूस सदस्य राहायला अपात्र ठरतो. उमेदवारी अर्जासोबत हयात अपत्यांची संख्या लिहून द्यावी लागते. निवडून आल्यावर तिसरं झालं, तरी पद जातं. तक्रार कोणीही करू शकतो आणि पुरावा ग्रामपंचायतीच्याच जन्मनोंदीत असतो.

राज्य सरकारच्या नोकरीसाठी २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत. २८ मार्च २००६ नंतर तिसरं मूल झालं, तर नोकरीत घेत नाहीत. अर्जासोबत 'लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र' द्यावं लागतं ते यासाठीच.

शिवाय ज्यांना कोणी अट म्हणत नाही अशाही काही अटी आहेत. मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या बाळाला मिळतात, दुसरी मुलगी झाली तर तिला मिळतात, तिसऱ्याला काहीच नाही. खाजगी नोकरीत पगारी बाळंतरजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे, तिसऱ्याला १२.

म्हणजे तिसरं मूल होणं गुन्हा आहे?

नाही. तिसऱ्या बाळाला लस, जन्मदाखला, शाळा सगळं मिळतं आणि त्याच्या आईला बाळंतपणाची पूर्ण सेवा मिळते. कोणी दारातून परत पाठवलं, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

जुळं झालं तर?

एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळं झालं, तर पंचायतीच्या कायद्यात ते एकच धरतात.

मूल दत्तक देऊन टाकलं तर पद वाचतं का?

वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. जन्म किती मुलांना दिला, हे बघतात. पदासाठी पोटचं मूल नातेवाइकाच्या नावावर करायची कल्पना गावातला कोणी ना कोणी हमखास सुचवतो. ऐकू नका.

कायद्यात गर्भपात करा असं कुठेच लिहिलेलं नाही. मग अटीमुळे बायका गर्भपात करतात असं का म्हणता?

लिहिलेलं नाही, हे खरं. पण मी पाहिलेलं सांगते.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि एका घरात सून उभी राहिली, म्हणजे तिला उभं केलं गेलं. ती निवडून आली. कामाला चांगली होती. नळपाण्याच्या योजनेचे कागद ग्रामसेवकापेक्षा तिला जास्त पाठ होते. दोन वर्षांनी तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. माझ्याकडे आली तेव्हा चौदा आठवडे झाले होते. उपकेंद्राच्या बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, आणि पर्समधून रुमाल काढताना सरपंचाचा शिक्का खाली पडला. तो उचलून तिने पदराने पुसला. म्हणाली, "बाई, उभं राहताना मला कोणी विचारलं नाही. आता खाली करतानाही कोणी विचारत नाहीये."

तिला ते मूल हवं होतं की नको होतं, हे मला आजही माहीत नाही. तिलाही ते धड ठरवता आलं नसावं, कारण तिच्यासमोर प्रश्नच तसा आला नव्हता. घरात चर्चा होती ती खुर्ची राहते की जाते याची. गर्भपात झाला, कायदेशीर झाला, नीट झाला. कागदावर कुठे काही चुकलं नाही. संमतीपत्रावर सही तिचीच होती.

निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या पाच राज्यांत पंचायतींमधल्या या अटीचा अभ्यास केला होता. पद वाचवण्यासाठी बायकोला सोडून देणारे, मूल दत्तक देणारे, लिंग बघून किंवा धोकादायक रीतीने गर्भपात करवणारे लोक त्यांना भेटले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात ही अट वैध ठरवली. त्यानंतर तीन वर्षांत खुद्द हरियाणाने ती काढून टाकली. मध्य प्रदेश आणि हिमाचलनेही काढली, आंध्रने २०२४ मध्ये. महाराष्ट्रात ती अजून आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पुरुषाचं पद राखायचं असलं, तरी दवाखान्याच्या टेबलावर बाईच झोपते. मोजणी कागदावर होते आणि ती बसते बाईच्या अंगावर.

कोकणात लोकसंख्या वाढतेच कुठे आहे?

हा प्रश्न मला एका शाळामास्तरांनी विचारला होता. त्यांच्या शाळेचा पट एकआकडी झाला होता. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. घट मुख्यतः मुंबईला गेलेल्या माणसांची आहे, पण मुलंही कमीच होत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ आला, म्हणजे एका बाईला सरासरी दोनही मुलं नाहीत. घरं कुलूपबंद, शाळा ओस, आणि उमेदवारी अर्जात मात्र अपत्यांची संख्या. ही अट आता कोकणात नक्की कोणाला आवरते आहे, याचं उत्तर मला कोणी अधिकारी देऊ शकलेला नाही.

चाकरमानी गणपतीला येऊन गेले आणि पाळी चुकली. माझ्या हातात किती दिवस आहेत?

कोकणातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तर सावकाश वाचा.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. नवरा मुंबईत आणि बायको गावी, असा संसार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. वर्षभर नवरा नाही, म्हणून ती तांबीही बसवत नाही आणि गोळ्याही घेत नाही. "कशाला बाई, कोण आहे इथे?" असं मला कितीजणींनी म्हटलं असेल. तांबी बसवली तर शेजारीण विचारणार, कोणासाठी? मग गणपतीचे दहा दिवस येतात, शिमगा येतो. आरत्या, पाहुणे, नैवेद्य यांच्या धांदलीत निरोधची आठवण कोणाला राहत नाही. नवरा परतीच्या गाडीत बसतो आणि पुढचं सगळं तिच्या एकटीवर येतं.

पुढे काय होतं, तेही पाहिलंय. पहिली पाळी चुकते तेव्हा ती म्हणते, उपासांनी पुढे गेली असेल. मग भातकापणी येते. कापणी आटपू दे, झोडणी होऊ दे. दिवाळीला नणंद येते तेव्हा तिला सांगते. तोवर दहा-अकरा आठवडे झालेले असतात.

लक्षात ठेवा, दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. नवरा आला त्या दिवसापासून नाही. त्यामुळे पाळी चुकल्याचं कळतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. त्यापुढे पिशवी रिकामी करावी लागते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक बायकांसाठीच: बलात्कार झालेल्या, अल्पवयीन, याच काळात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, गर्भात गंभीर दोष असलेल्या, अशा काही. चोवीसच्या पुढे गर्भात मोठा दोष असेल तरच, आणि तेव्हा वैद्यकीय मंडळ ठरवतं. जीवच धोक्यात असेल, तर मात्र आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

म्हणून पाळी आठ दिवस पुढे गेली की तपासणी करा. तपासणीचं किट आशाताईकडे मोफत मिळतं. आशाताई नात्यातली असेल आणि संकोच वाटत असेल, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या मेडिकलमधून घ्या.

आणि पुढच्या गणपतीआधी एक करा. सरकारी केंद्रात 'अंतरा' नावाचं तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि 'छाया' नावाच्या गोळ्या मोफत मिळतात. इंजेक्शन सणाच्या आधी घेता येतं आणि ते घरात कोणाला दिसत नाही. तुमच्या प्रकृतीला काय चालेल, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. निरोध न वापरता संबंध आला, तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते.

"डॉक्टर सांगतत, घोवाची सही होयी. खरां काय तां?"

खरं नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हेही म्हटलंय की कायद्यात नसलेल्या जादा अटी डॉक्टरांनी घालू नयेत.

तरी सही मागतात. कारण उद्या नवरा येऊन भांडेल ही डॉक्टरला भीती. नवरा मुंबईत, सहीसाठी थांबायचं म्हणजे पंधरा दिवस गेले, आणि ते पंधरा दिवस काय असतात ते वर सांगितलंच. सही मागितली, तर शांतपणे म्हणा, "कायद्यात माझी सही पुरते, नाही तर नकार लेखी द्या." मी हे वाक्य कागदावर लिहून बायकांच्या हातात दिलंय. बऱ्याचदा काम झालं.

उलटंही सांगते. बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली गंभीर गुन्हा आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

दोन मुलं आहेत, तिसरं नको, एवढं कारण चालतं का?

कायद्यात 'नको' हा शब्द नाही, ही त्यातली उणीव आहे. पण गर्भनिरोधक फसलं म्हणून राहिलेली गर्भधारणा बाईच्या मनाला गंभीर इजा करते, असं कायदा धरून चालतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात 'विवाहित' असा शब्दही राहिलेला नाही. तुमची घरची परिस्थितीही डॉक्टर विचारात घेऊ शकतात. जे घडलं ते खरंखरं सांगा.

मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या. घेऊ का?

आधी डॉक्टरला भेटा. कायद्याने या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. पण कोण कोणाला हसणार? २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. हा अंदाज पुढे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' मध्ये छापून आला. बायका दवाखान्यात का जात नाहीत, हे विचारायला हवं, त्यांना झापायला नको.

गोळ्या मुळात सुरक्षित आहेत. धोका येतो तो दिवस चुकीचे मोजल्याने, गर्भ नळीत राहिल्याने किंवा अंगात रक्त कमी असल्याने. एका तासात दोन मोठे पॅड भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, ताप उतरला नाही, पोटात एका बाजूला असह्य कळ आली, चक्कर आली, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. पावसाळ्यात गाडी यायला वेळ लागतो, म्हणून वाडीतली रिक्षा किंवा वडाप आधीच बोलून ठेवा. डॉक्टरला खरं सांगा, काय घेतलं आणि कधी घेतलं. उपचार करणं हे त्यांचं काम आहे.

झाडाची मुळी, काडी, कसलाही काढा अजिबात नको. एका सुईणीने मला निवृत्तीनंतर सांगितलं होतं की तिच्या हातून दोघी गेल्या. बोलताना तिचे हात थरथरत होते.

"आधी ऑपरेशनला तयार व्हा, मगच पिशवी साफ करू," असं म्हणतात.

अशी अट घालता येत नाही. गर्भपात वेगळा, नसबंदी वेगळी, तांबी वेगळी. सल्ला देऊ शकतात, अडवू शकत नाहीत.

हे कुठून आलं, ते मला ठाऊक आहे, कारण मी त्यातली होते. १९९६ पर्यंत आम्हाला नसबंदीच्या ऑपरेशनांचं टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की 'केसेस' आणायच्या. कोणाची दुसरी झाली, कोण गर्भपाताला आली, तिला गाठायचं. एका बाईला मी म्हटलं होतं, "ऑपरेशन केलंस तर आजच मोकळी होशील." ती हो म्हणाली. पुढच्या वर्षी तिचा धाकटा तापाने गेला. मग ती मला रस्त्यात भेटली की ओळख दाखवायची नाही. मला टार्गेट होतं हे खरं. ते तिला सांगण्यासारखं कारण नव्हतं.

ऑपरेशन करूनही दिवस गेले.

होतं असं, क्वचित. तुमची चूक नाही. संशय घेणाऱ्या घरच्यांनाही हे वाचून दाखवा. गर्भपाताला हे कायदेशीर कारण आहे आणि सरकारी योजनेतून नुकसानभरपाईही मिळते. ऑपरेशनचा दाखला जपून ठेवा आणि कळल्याबरोबर लगेच अर्ज करा.

दोन मुली आहेत. घरचे म्हणतात, तिसऱ्या वेळी बघूनच घेऊ.

दोनाची अट आणि मुलाची आस एकत्र आली की असंच होतं. मोजक्याच संधी असल्या की त्यातली एक 'वाया' जाऊ नये असं घराला वाटतं आणि सोनोग्राफीवाल्याचा नंबर शोधला जातो. कोकणातही सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण २००१ पेक्षा २०११ मध्ये घसरलं. लिंग बघणाऱ्याला, सांगणाऱ्याला आणि बाईवर जबरदस्ती करणाऱ्याला कायदा शिक्षा करतो. बाईवर दबाव होता, असंच तो आधी धरतो. तेव्हा तक्रार केली तर मीच अडकेन, ही भीती सोडा.

तुम्ही कुटुंबनियोजनाच्या विरोधात आहात का?

मुळीच नाही. दापोलीजवळच्या मुरूडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यासाठी नोकरी गमावली, लोकांची हेटाळणी सोसली. मूल कधी आणि किती हे बाईने ठरवावं, हे त्यांचं म्हणणं. आपल्या मातीतल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी मांडलेली ती गोष्ट मला पटते.

सरकारने ठरवावं, ही दुसरी गोष्ट. १९७६ मध्ये आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते अमलात आलं नाही. त्या एका वर्षात देशभरात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. सरकार पडलं. त्यानंतर सगळा भार बायकांकडे वळला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर शंभर विवाहित बायकांत ४९ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नव्हतं.

चीनमध्ये म्हणे सक्तीच होती?

होती. १९७९-८० पासून २०१५ पर्यंत एका मुलाचं धोरण होतं. एकट्या १९८३ मध्ये दोन कोटींवर नसबंद्या आणि १ कोटी ४० लाखांवर गर्भपात झाले. ग्रामीण भागात पुढे सवलत दिली ती अशी, की पहिली मुलगी असेल तर दुसरं चालेल. म्हणजे मुलगी अर्धीच मोजायची, हे सरकारनेच शिकवलं. २०१२ मध्ये शान्शी प्रांतात दंडाचे चाळीस हजार युआन भरता आले नाहीत म्हणून सात महिन्यांच्या गरोदर बाईचा जबरदस्तीने गर्भपात केला गेला. तिचा फोटो जगभर गेला.

आपल्याकडे कोणी बाईला असं ओढून नेत नाही, आणि हा फरक मोठा आहे. पण तो फोटो पाहिला तेव्हा मला बाकावरचा तो शिक्का आठवला.

मुलीचं लग्न झालेलं नाही. नेऊ का दवाखान्यात?

जरूर न्या. २०२२ च्या निकालाने अविवाहितांनाही तोच हक्क आहे. ती अठराच्या आतली असेल, तर पालकाची संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. पण तुम्ही विनंती केलीत, तर त्या कळवण्यात मुलीचं नाव न देण्याची मुभा याच निकालाने दिली आहे. डॉक्टरांना हे माहीत नसेल, तर सांगा.

गावात कळेल का?

डॉक्टरने तुमचं नाव बाहेर सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायदा असं म्हणतो. पण आपला गाव कसा आहे, हे तुम्हाला मला दोघींनाही ठाऊक आहे. दवाखान्यातला शिपाई मावसभाऊ निघतो. म्हणून मी बायकांना शेजारच्या तालुक्यातलं रुग्णालय सुचवते. सकाळच्या एसटीने जायचं, माहेरच्या कामाचं सांगायचं, बरोबर एक विश्वासाची बाई. आधार कार्ड आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेला कागद घ्या.

गर्भपातानंतर रडू येतं. मी पाप केलं का?

मी देवाधर्माची बाई आहे, आणि मला तसं वाटत नाही. काहीजणींना हायसं वाटतं, काहीजणींना रडू येतं, काहींना एकाच दिवशी दोन्ही होतं. मूल हवं असताना दुसऱ्यांनी ते पाडायला लावलं असेल, तर दुःख जास्त काळ टिकतं, आणि ते दुःख खरं आहे. त्याला 'एवढं काय त्यात' म्हणणाऱ्यांपासून थोडं लांब राहा. दोन-चार दिवस विश्रांती घ्या, गरम जेवा, जड हंडे उचलू नका. रडू महिनाभरानंतरही थांबलं नाही, झोप उडाली, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात जा. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आणि नीट झालेल्या गर्भपातानंतर पुन्हा मूल होऊ शकतं. पाळी परत येण्याआधीसुद्धा दिवस जाऊ शकतात, हे नवरा शिमग्याला यायच्या आधी लक्षात असू द्या.